वाटे उचलण्याआधी

मगरीची ती अंडी दसरूभाऊंच्या पाण्यानं मेली नव्हती. ती माझ्या हातून मेली. हे लिहायला मी फार वर्षं लावली, म्हणून लेखाच्या सुरुवातीलाच लिहून टाकतो. नाहीतर रेहाना मॅडमविषयी लिहिता लिहिता मी पुन्हा त्यांच्या आडोशाला जाऊन बसेन, आणि ते त्यांना मुळीच आवडलं नसतं.

मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी चामोर्शीच्या रस्त्यावर होतो. पुढे सूरजागडचं खनिज नेणाऱ्या ट्रकांची रांग होती आणि लाल धुळीत काही दिसेना, म्हणून मोटारसायकल कडेला घेतली होती. फोन सलीमभाईंचा होता, मॅडमच्या धाकट्या भावाचा. "देवाभाई, आपा गेल्या," एवढं बोलून ते थांबले. मग, जणू एखादं राहिलेलं काम आठवावं तसं, म्हणाले, "तुम्ही त्या गावात जाऊन आलात का? काल सकाळीपण विचारत होत्या..." मी नाही म्हणालो. ट्रक निघून गेले, रस्ता मोकळा झाला, तरी मी तिथेच उभा होतो.

रेहाना मॅडम चंद्रपुरात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. घर दुकानाच्या वर आणि दुकान दोर, सुतळी आणि जाळ्यांचं. वैनगंगेकाठचे मासे धरणारे ढीवर जाळं घ्यायला त्यांच्या अब्बांकडेच यायचे. दुकानाच्या पायरीवर अभ्यासाला बसलेल्या या मुलीनं मगरीच्या गोष्टी तिथेच ऐकल्या. प्रत्येक गोष्टीतली मगर ती गोष्ट सांगणाऱ्याच्या मासेमारीच्या डोंग्यापेक्षा लांब असायची. "मला एवढंच बघायचं होतं, की खरी केवढी असते," असं त्या संशोधनाचं कारण विचारणाऱ्याला सांगत. मग नदीच्या डोहांतून आणि गावतलावांतून मगरी बघत त्यांचं आयुष्य गेलं. हिवाळ्यात ऊन खायला काठावर आलेल्या मगरी त्या दुर्बिणीतून मोजायच्या. त्यांची विष्ठा गोळा करायच्या, ती धुऊन घराच्या गच्चीवर वाळत घालायच्या आणि मग सुईनं उकलून बघायच्या, की ही खाते तरी काय. शेजारीच अम्मींच्या शेवया वाळत असायच्या. सलीमभाई वर येऊन हात जोडायचे, "आपा, यातलं ईदचं कोणतं आणि तुमचं कोणतं, ते एकदा सांगून ठेवा." त्या वाळलेल्या लेंड्यांतून भुंगेऱ्यांचे पंख निघायचे, खेकड्यांच्या नांग्या, गोगलगायींच्या शंखांची झाकणं, माशांचे खवले. मासे खात नाही असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. "खाते. पण तुम्ही म्हणता तेवढे खात नाही," एवढंच त्या ढिवरांना सांगायच्या, आणि खवले कागदावर ठेवून दाखवायच्या.

मी आरमोरीकडचा, धानाच्या शेतावर वाढलेला. शिक्षण संपवून त्यांच्या हाताखाली लागलो तेव्हा मगर मी फक्त चित्रात पाहिली होती. त्यांनी मला पहिल्यांदा नेलं ते चामोर्शी तालुक्यातल्या एका तलावावर. त्या गावाचं नाव इथं लिहीत नाही, कारण घरट्याचा पत्ता छापायचा नसतो हेही त्यांनीच शिकवलं. त्या दिवशी तलावात मोठं जाळं ओढलं होतं आणि पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, माशांचे वाटे पडले होते. मच्छीमार सोसायटीतल्या प्रत्येक घराचा एक, असे ओळीनं मांडलेले ढीग. त्या गावाची रीत अशी, की वाटे मांडले तरी लगेच कोणी उचलत नाही. सगळे भोवती बसतात. कोणाचं जाळं कोणी फाडलं, कोणी आडवेळी गळ टाकला, कोणाच्या मनात काय आहे, ते तेव्हाच बोलायचं. भांडण झालं तर तिथंच. एकदा वाटा उचलला की त्या दिवसापर्यंतचं सगळं मिटलं, मग त्यावर तोंड उघडायचं नाही. मॅडमना ही रीत फार आवडायची. "आमच्या परिषदांमध्ये हे सुरू करायला पाहिजे," त्या म्हणायच्या, "बोलल्याशिवाय जेवण नाही."

त्या दिवशी वाट्यांसमोर उभ्या राहून त्यांनी मागणी केली, की तलावाच्या उगवतीच्या कोपऱ्यात मगर घरटं करते, तेवढ्या कोपऱ्यात उन्हाळाभर जाळं टाकू नका. सगळ्यांत पुढे दसरूभाऊ बसले होते. अंगानं बारीक, आवाज मात्र पाळीच्या त्या टोकापर्यंत जाणारा. ते म्हणाले, "हे तं लय भारी झालं बाई! तुमच्या बापानं आमाले जाळं इकलं, अन् आता पोरगी म्हनते जाळं टाकू नोका. मंग का पांघरून झोपू का त्याले?" सगळे हसले. मॅडमही हसल्या. म्हणाल्या, "दसरूभाऊ, मगरीनं जाळं फाडलं तर घेऊन या. विणून देणं माझ्याकडे लागलं." आणि त्यांनी ते खरंच केलं. त्या गावात गेलो की आधी जाळी विणायला बसायच्या, मग मगरी. गाव त्यांना मगरबाई म्हणायला लागलं, आणि कोपरा मोकळा राहिला. घरट्याची राखण दसरूभाऊंनी स्वतःहून मागून घेतली.

पुढच्याच उन्हाळ्यात पाळीच्या दुरुस्तीचं काम आलं आणि खोदायची जागा नेमकी घरट्यावर आली. घरटं हलवणं भाग होतं. वनखात्याची परवानगी मॅडमनी आणली होती, आणि हलवायचं कसं ते मला कितीदा तरी शिकवलं होतं. कोंबडी अंडी फिरवत असते, मगरीचं अंडं फिरवायचं नसतं. आतला जीव वरच्या बाजूला कवचाच्या आतून चिकटलेला असतो. अंडं उलटलं की तो खाली दबून मरतो आणि बाहेरून काही म्हणता काही दिसत नाही. म्हणून अंडं उचलण्याआधी त्याच्या माथ्यावर पेन्सिलीनं फुली मारायची, फुली आकाशाकडे ठेवून उचलायचं आणि तशीच ठेवून पुरायचं. त्या कामाची मऊ, काळी पेन्सिल मॅडमच्या अंबाड्यात खोचलेली असायची. वर्गात, बसमध्ये, एकदा तर एका लग्नातसुद्धा.

मजूर आले त्या दिवशी मॅडम चंद्रपूरला होत्या, अब्बांना दवाखान्यात ठेवलं होतं. फोनवर म्हणाल्या, "मुकादमाला थांबव. मी उद्या येते. अंड्यांना हात लावू नकोस." मुकादम थांबायला तयार होता. दसरूभाऊ त्याच्याशीच बोलायला पाळीच्या दुसऱ्या टोकाला गेले होते... म्हणजे घाई कोणालाच नव्हती. घाई मला होती. मॅडम येतील तेव्हा काम झालेलं असावं, त्यांनी "अरे वा, देवा" म्हणावं, एवढंच मला हवं होतं. मी घरटं उकललं, फुल्या मारल्या, ओल्या वाळूच्या घमेल्यात अंडी नीट मांडली आणि पाळीवरून निघालो. मगर पाण्यात होती. ती काठाकडे एकदम उसळली, फुत्कारली. ती बाहेरसुद्धा आली नव्हती. मी पळालो, पाय घसरला, आणि घमेलं उतारावर कलंडलं.

एकही अंडं फुटलं नाही. फुटली असती तर बरं झालं असतं, लपवता आलं नसतं. अंडी वाळूत गडगडली आणि वाळूनं पुष्कळशा फुल्या पुसून गेल्या. कवचावर जो पांढरा पट्टा वरच्या बाजूनं सुरू होतो, तो तोवर अंड्याभोवती पूर्ण फिरलेला होता. वरची बाजू कोणती, ते मला कळेना. मी इकडेतिकडे पाहिलं. कोणी पाहिलं नव्हतं. मग मी अंदाजानं नव्या फुल्या मारल्या, अंडी नव्या खड्ड्यात पुरली आणि हात धुतले. दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या, खड्ड्याची खोली मोजली, थर्मामीटर ठेवला आणि म्हणाल्या, "सांगितलेलं ऐकत नाहीस. पण काम छान केलंस."

दसरूभाऊंनी घरट्याशेजारी खाट टाकली. जेवण तिथं, विड्या तिथं. गावातली माणसं चेष्टा करायची, "का दसरू, तुह्येच हायेत का पोट्टे?" ते म्हणायचे, "हो, बारसं ठेवलं की बलावतो तुले." ऊन वाढलं तशी त्यांच्या जिवाची कालवाकालव व्हायला लागली. एक दिवस मॅडमनी त्यांना घरट्याच्या मातीवर गडव्यानं पाणी शिंपडताना पाहिलं. "नका घालू पाणी, भाऊ." "बाई, मानूस तापून राह्यला, मंग अंड नाई तापनार का?" त्यांनी ऐकल्यासारखं केलं आणि मॅडमच्या पाठीमागे घालत राहिले. पावसाच्या तोंडावर पिल्लं निघायची वेळ आली आणि गेली. शेवटी मॅडमनी घरटं उकललं. वास आला तेव्हाच सगळ्यांना कळलं.

त्या आठवड्यात जाळं ओढलं, वाटे पडले, सगळे बसले. सोसायटीचे अध्यक्ष म्हणाले, "पानी टाकू टाकू मारलं ना बे तू, दसरू." दसरूभाऊ पहिल्यांदाच काही बोलले नाहीत. मॅडम म्हणाल्या, "पाण्यानं झालं असावं. नक्की नाही." पण 'असावं' कोणी ऐकलं नाही. मॅडमनी रीतीप्रमाणे विचारलं, "आणखी कोणाला काही बोलायचं आहे?" मी वाट्यांकडे पाहत उभा होतो. पाहुण्यांचाही एक वाटा काढलेला होता, एक मोठी मरळ आणि वर थोड्या बारीक मासोळ्या. मी तो उचलला आणि खोलीवर नेऊन शिजवून खाल्ला.

तेवढ्यावर संपलं नाही. गावातली पोरं दसरूभाऊंना 'अंडेमाऱ्या' म्हणू लागली. ते वाट्यांवर यायचेच बंद झाले, त्यांचा वाटा त्यांच्या बायको कौसाबाई न्यायच्या. पुढच्या वर्षी कोपऱ्यात जाळी पडली. आणि मॅडमनी आपल्या लेखात लिहिलं, की तलावाच्या पाळीवरचं घरटं हलवून गावाच्या राखणीत ठेवलं तर अंडी टिकत नाहीत, तसं करू नये. त्यांचा शब्द मोठा होता. त्यानंतर दुरुस्तीत, गाळ काढण्यात, जिथं जिथं घरटं आड आलं तिथं तिथं ते हलवून काही उपयोग नाही असंच धरलं गेलं. जेसीबीच्या पंजातून मातीबरोबर अंडी जाताना मी स्वतः पाहिली आहेत. मी तोवर शिक्षक झालो होतो, वर्गात जीवशास्त्र शिकवत होतो. अंड्याचा धडा दर वर्षी यायचा.

गेल्या हिवाळ्यात मॅडमचं आजारपण वाढलं. खाली दुकान, वर त्यांची खोली, खिडकीतून नव्या दोराचा वास यायचा. हातात ताकद नव्हती, म्हणून गावोगावच्या तलावांसाठी एक छोटी पुस्तिका त्या मला सांगत होत्या आणि मी लिहून घेत होतो. "लिही," त्या म्हणाल्या, "घरटं हलवू नये." मी लिहिलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. मग मी त्यांना सगळं सांगितलं, फुत्कारापासून वाट्यापर्यंत. सांगताना मी त्यांच्याकडे पाहू शकलो नाही.

मला वाटलं होतं, त्या रडतील किंवा मला जायला सांगतील. त्या उशी मागे सारून उठून बसल्या. "पट्टा पूर्ण फिरला होता?" "हो." "सगळ्याच फुल्या पुसल्या?" "बहुतेक." "मग थर्मामीटर..." त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "खालचं तापमान उतरलंच नव्हतं, देवा. पाणी वरच्या वर सुकत होतं. आकडे जुळेनात म्हणून मी त्या थर्मामीटरला शिव्या दिल्या, फेकून दिला..." आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. तो आनंद होता. "म्हणजे पद्धत चुकीची नव्हती!" लगेच बोट वर करून, "असंही लिहू नको. आपल्याला अजून माहीत नाही. पुन्हा करून बघायला पाहिजे."

राग त्यानंतर आला. "तू माझ्या हातून खोटं छापवलंस," त्या म्हणाल्या. "माझं एक वेळ जाऊ दे. इतकी वर्षं जी घरटी खोदली गेली ती? आणि दसरू?" मी माफी मागायला लागलो तर त्यांनी हातानं थांबवलं. "मला देऊ नकोस ती. मी ठेवू कुठे? वाट्यांवर गप्प राहिलास ना, वाट्यांवरच बोल. उचलण्याआधी." मग अंबाड्यातली पेन्सिल काढून माझ्या हातात दिली. "आणि आधी हे वाक्य खोड." मी खोडलं. त्या जागी काय लिहायचं विचारलं तर म्हणाल्या, "जागा कोरी ठेव. पावसाळ्याआधी भरायची."

मी त्या आठवड्यात गेलो नाही. नंतर एकदा गावाच्या वेशीपर्यंत गेलो आणि आज जाळं ओढलेलं नाही, असं ऐकून परत फिरलो. मनातून सुटल्यासारखं वाटलं. मॅडमचा फोन आला. "बोललास?" "वाटे नव्हते मॅडम." त्या म्हणाल्या, "मला फार वेळ नाही, आणि मगरीलाही नाही. ती माघ-फाल्गुनात घालेल." त्यानंतर आमचं बोलणं झालं ते औषधांचं. पुढचा फोन सलीमभाईंचा.

दफनाच्या वेळी कब्रस्तानाबाहेर मला ढिवरांचा एक घोळका दिसला. त्यांत दसरूभाऊ नव्हते. सलीमभाईंनी मॅडमना खाली उतरवताना जो दोर वापरला तो दुकानातलाच होता. मी पेन्सिल खिशात धरून उभा होतो आणि मला एवढंच कळत होतं, की आता विचारणारं कोणी नाही, म्हणजे आता मीच मला विचारायचं.

हे लिहितो आहे तेव्हा त्या तलावाच्या उगवतीच्या पाळीवर, थोड्या उंच जागी, नव्या खड्ड्यात मगरीची अंडी आहेत. गाळ काढायला यंत्र येणार म्हणून याही वर्षी घरटं हलवावं लागलं. परवानगी आणली, वनरक्षक हजर राहिले. या वेळी फुल्या गडद आणि मोठ्या मारल्या. घमेलं एकट्यानं उचललं नाही, दोघांनी दोन बाजूंनी धरलं, आणि मगर फुत्कारली तेव्हा आम्ही दोघं जागच्या जागी उभे राहिलो. घमेल्याची दुसरी बाजू दसरूभाऊंच्या हातात होती. खाट पुन्हा पडली आहे. पाणी घालत नाहीत, पण गडवा मात्र खाटेखाली आहे. विचारलं तर म्हणाले, "मी पेतो ना जी. मलेबी तहान लागते." पिल्लं निघतील की नाही, मला माहीत नाही. निघाली तर काय लिहायचं आणि नाही निघाली तर काय, दोन्ही मी मॅडमच्या पद्धतीनं लिहीन. पुस्तिकेतली ती जागा अजून कोरी आहे.

पण अंड्यांना हात लावण्याआधी दुसरं काम होतं. मॅडम गेल्यानंतर गावानं पहिलं जाळं ओढलं त्या सकाळी मी पाळीवर गेलो. वाटे मांडून झाले होते. उन्हात खवले चमकत होते, माशा घोंघावत होत्या, सोसायटीचे लोक गोल बसले होते. मगरबाईसाठी म्हणून थोडा वेळ सगळे गप्प बसले. कौसाबाई टोपली घेऊन एका कडेला होत्या. मी त्यांना म्हणालो, दसरूभाऊंना बोलवा. "ते येत नाई जी इथी. तुमाले मालूम हाये ना काऊन ते." मी म्हणालो, मॅडमचा निरोप आहे. त्या टोपली तिथंच ठेवून गेल्या.

दसरूभाऊ आले. केस पांढरे झालेले, आवाज मात्र तोच. "का मास्तर, काऊन बलावलं? बाईनं का सांगितलं होतं?" अध्यक्ष म्हणाले, "बोला मास्तर लवकर, मासे नासून राह्यले." कोणीतरी हात पुढे करून आपला वाटा सारखा केला. मी म्हणालो, थांबा, अजून कोणी उचलू नका. पेन्सिल कानावर होती, ती हातात घेतली, कारण हाताला काहीतरी धरायला हवं होतं. वर्गातली भाषा मला तेव्हा सुचली नाही. घरची आली.

"दसरूभाऊ, ते अंडे तुमच्या पान्यानं नाई मेले. तुम्ही तिकडं मुकादमाशी बोलाले गेले होते तवा माह्या हातून घमेलं पडलं. अंडे उलटे झाले, अन् मी तसेच गाडले. तुमाले सारे बोलत होते तवा मी इथीच उभा होतो, याच जागेवर, अन् वाटा उचलून घरी गेलो. बाईले मी सांगितलं, पन लय उशिरा सांगितलं. तुमाले तं आज सांगून राह्यलो. तुमची काई चूक नोहोती, भाऊ. माही होती. मले माफ करा."